सेहेचाळीस पोरींचा एकच ई-मेल

कणीक अर्धीच भिजली होती. परातीत एकीकडे कोरडं पीठ, एकीकडे गोळा, आणि हमिदाचे हात मनगटापर्यंत भरलेले. तेवढ्यात प्रणाली दारातूनच ओरडली, "चाची, कॉम्प्युटर आला का दुरुस्त होऊन? माहा नंबर लागला अकोल्याच्या कॉलेजात! पण जागा पक्की कराची आज शेवटची तारीख हाये. पाच वाजेपर्यंत!"

हमिदानं घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजून गेले होते.

"तुले कोणं सांगितलं?"

"मैत्रिणीनं. तिले मेल आला. माहा तुमच्या मेलवर आला असंन ना?"

असंन, नक्की असंन. हमिदानं हात कसेबसे धुतले. नखांत पीठ तसंच राहिलं.

नांदगाव खंडेश्वरात हमिदाला शिलाईवाली म्हणून ओळखणारे निम्मे आणि फॉर्मवाली म्हणून ओळखणारे निम्मे. समोरच्या खोलीत शिलाई मशीन, त्याला लागून जुना कॉम्प्युटर. नवरा नियाज आठवडी बाजारांत बांगड्या विकतो. हमिदा दहावी शिकलेली. लग्नानंतर हट्टानं तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा क्लास केला तेव्हा सासरचे हसले होते. मग पोरींच्या शाळा-कॉलेजांचे फॉर्म ऑनलाइन झाले आणि हसणारेच आपापल्या लेकी घेऊन दारात उभे राहिले. नाही तर एका फॉर्मसाठी अमरावती गाठायची, अर्धा दिवस घालवायचा. फॉर्ममध्ये ई-मेलचा रकाना आला की पोरी एकमेकींकडे पाहायच्या. हमिदा म्हणायची, "राहू दे, माहाच टाकतो." अशा सेहेचाळीस पोरी झाल्या. सगळ्यांचा ई-मेल एक, हमिदाचा.

प्रणालीमागोमाग तिची आई, दुर्गाबाई, धापा टाकत आली. दडी मारलेला पाऊस परतला होता, प्रणालीचे वडील किसनराव दुबार पेरणीसाठी वावरात गेले होते. म्हणून पोरीसोबत आईच.

हमिदानं ई-मेलचं पान उघडलं. रोज ते आपसूक उघडायचं. आज त्यानं पासवर्ड विचारला.

कॉम्प्युटर आठ दिवस दुकानात पडून होता, कालच परत आला. आतलं सगळं पुसून नवं टाकलं, असं दुकानदार म्हणाला होता. पासवर्ड? तो तर चार वर्षांपूर्वी एकदाच टाकला होता.

"काय झालं वो?" दुर्गाबाईंनी विचारलं.

"हे पाहा ताई. इंटरनेट म्हंजे रस्ता समजा. वेबसाइट म्हंजे त्या रस्त्यावरचं घर. आणि ब्राउझर म्हंजे आपल्याले तिथं नेणारा ऑटो. घरात जाले किल्ली लागते, तो पासवर्ड."

"मंग किल्ली कुठं हाये?"

"ऑटोवाल्यापाशी होती. तोच रोज दार उघडून देत होता. काल ऑटो बदलला."

"बाप्पा! घराची किल्ली कोणी ऑटोवाल्यापाशी ठेवते का? मी त बाई शेजारणीजवळही ठेवत नाई."

"आई, चूप बस ना थोडी," प्रणाली रडवेली झाली.

हमिदानं 'पासवर्ड विसरलात?' या ओळीवर क्लिक केलं. पडद्यावर आलं, शेवटी त्रेचाळीस असलेल्या मोबाइलवर सांकेतिक अंक पाठवतो. तो नंबर तिचा जुना. सिम नियाजनं धाकट्या भावाला, वकारला, देऊन टाकलं होतं. वकार अकोल्याच्या दालमिलमध्ये कामाला.

तिनं फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. मिलच्या खडखडाटात त्याला काय ऐकू जाणार! हमिदा खोलीत येरझारा घालू लागली. चौकटीशी जाऊन परत येई, पडद्याकडे बघे, पुन्हा फोन लावी. तोंडानं दुरूद, पैगंबरांवरचा सलाम, चाललं होतं, मध्येच तुटत होतं.

साडेतीन झाले, चार झाले. सव्वाचारला वकारनं फोन उचलला.

"भाभी, बोलो, कुछ सुनाई नै देरा!"

"बाहेर निघ आधी! मेसेज आला असंन, त्यातले अंक सांग!"

"कौनसा? दो घंटे पुराना?"

"तो गेला वाया! थांब, नवीन पाठवतो." तिनं माउसकडे हात नेला आणि पंखा थांबला. पडदा काळा.

"गेली लाइन!" दुर्गाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता पोरीचा कागद आतच राहिला!"

प्रणालीला हुंदका फुटला. हमिदा त्या काळ्या काचेकडे बघता बघता एकदम म्हणाली, "आत कुठं? याच्यात काईच नाई ताई. कागद दूर सर्व्हरवर हाये, मोठ्या मशिनीत. आपला ऑटो बंद पडला, घर थोडंच पडलं? प्रणाली, तुह्या फोनमध्ये नेट हाये ना? दे इकडे."

फोनवर तेच पान, तोच प्रश्न. नवे अंक निघाले. माझ्या फोनवर वकार एकेक अंक ओरडून सांगतोय, तसा तू तुझ्या फोनवर टाक, असं हमिदानं प्रणालीला बजावलं. सहा अंक झाले. नवा पासवर्ड झाला. मेल उघडला. त्यात कॉलेजची लिंक, लिंकवर प्रणालीचं नाव, नावाखाली 'जागा स्वीकारा'. प्रणालीनं त्यावर अंगठा टेकवला.

चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी 'जागा निश्चित झाली' असं आलं.

"माय वो!" दुर्गाबाईंनी लेकीला जवळ ओढलं, मग हमिदाचा हात धरला. "साखर आण वं, तोंड गोड करू. लय जीव खाल्ला तुह्या त्या ऑटोनं."

हमिदानं हात सोडवून घेतला. ती अजून प्रणालीचा फोनच बघत होती. आठ दिवसांचे न वाचलेले मेल खाली खाली सरकत होते. मशिदीमागे राहणाऱ्या गुलफाम या पोरीच्या फॉर्मबद्दल एक होता. फोटो अस्पष्ट आहे, चार दिवसांत नवा टाका, नाही तर अर्ज बाद. चार दिवस परवाच संपले होते.

"काय झालं?" प्रणालीनं विचारलं.

"गुलफामचा अर्ज गेला. मेल आला तवा कॉम्प्युटर दुकानात होता. तिले माहीतच नाई. रोज विचारते, काही आलं का चाची? मी न पाहताच म्हणतो, नाई आलं."

दुर्गाबाई हळूच म्हणाल्या, "तुही काय चुकी त्याच्यात? मशिनच खराब होती."

"मशिन खराब होती. मेल मीच माहा टाकला होता, ताई. तिचा तिले काढून दिला असता, त तिनं कोणाच्याही फोनवर पाह्यला असता."

"मंग फोन लाव तिले."

"फोनवर नाई सांगत मी हे."

हमिदानं फोन प्रणालीच्या हातात दिला. "आज घरी गेली की आधी तुहा सोताचा ई-मेल काढ. पासवर्ड पाठ कर. कोणाले देऊ नको, मलेही नाई."

तिनं दुपट्टा डोक्यावर घेतला, चपला पायात सरकवल्या. गुलफामच्या घरी जायचं होतं.