धुळ्याच्या वाटेवर सायकलची गादी सरळ केली

धुळ्याहून नानांचा निरोप आला. नाना म्हणजे माझे तबल्याचे गुरू. दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाण्याच्या बैठकीत त्यांच्या जागी मी बसायचं, असं त्यांनी प्रथमच कळवलं होतं. आगगाडीनं चाळीसगावला गाडी बदलून जाण्यात दिवस मोडतो, म्हणून सायकल काढली. पन्नास-पंचावन्न मैल. पायांवर भरवसा होता.

पहाटे जळगाव सोडलं. पाळधीपर्यंत रस्ता बरा, पुढे खडी. एरंडोलला चहा घेताना कळलं, उजव्या हाताची करंगळी आणि अनामिका बधिर झाली आहेत. पेल्याचा चटकाही लागेना. अनामिका टेकवल्याशिवाय तबल्यावर 'ना' हा बोल वाजत नाही. तरी हात झटकत पारोळ्यापर्यंत रेटलं.

तिथं बाजारात गजमलआबांचं सायकलदुरुस्तीचं दुकान आहे. आबांच्या उजव्या हाताला तीनच बोटं. अडचण ऐकून म्हणाले, "बस सायकलवर. मी धरस."

मी बसलो. त्यांनी एका नजरेत ओळखलं.

"गादीनं नाक खाले शे, भाऊ. तू पुढे घसरस, नि बठ्ठा भार हातवर."

सगळा भार तळहातांवर येत होता. पान्यानं त्यांनी गादीचं झुकलेलं टोक उचलून ती सपाट केली, बोटभर मागे सरकवली, हँडल थोडं वर घेतलं. "कोपर ढिला ठेव. हँडल धर, त्यावर रेलू नको."

"थोडं दुखलं तर सोसेन मी."

"मी बी सोसं," आबा म्हणाले. "कापूसना जिनमा व्हतू तवय हात सुन्न व्हयेत. एक दिन मशीनना पट्टामा दोन बोटं गयात."

मी कोपर ढिला सोडून हँडल पुन्हा धरून पाहिलं. आबांनी दोनच आणे घेतले. शेजारच्या खानावळीत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी आणि भरीत झक्कास मिळतं; त्या वाटेनं गेलात तर जरूर थांबा.

मुकटीच्या अलीकडे बोटांना मुंग्या आल्या, म्हणजे त्यांना जाग येत होती, आणि मी एकटाच मोठ्यानं हसलो. तिसऱ्या प्रहरी धुळं गाठलं.

बैठकीत पहिली काही आवर्तनं 'ना' बोथट वाजला. नाना समोरून पाहत होते. मग बोटं मोकळी झाली आणि ठेका असा बसला की गवईबुवांनी मान वळवून दाद दिली. उठताना नाना एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळीही तूच बस."

परतताना हातांनी कुरकुर केली नाही. तुम्ही निघणार असाल तर आधी गादीवर बसून हात उचलून बघा. पुढे घसरलात तर पाना घ्या. मला मात्र पाय किती चालले यापेक्षा आबांचं बोलणं जास्त आठवतं. सोसणं म्हणजेच साधना, असं मी इतकी वर्षं मानत होतो. परवा रियाजात मनगट भरून आलं. मी थांबलो, बसण्याची उंची बदलली, आणि मग पुन्हा सुरुवात केली.