खोट गेममध्ये नव्हती, मानेत होती

डॉक्टर मॅडमनी एमआरआयचे चित्र संगणकावर उघडले आणि मानेच्या मधोमध पेनाचे टोक धरले. "ही राखाडी दोरी म्हणजे मज्जारज्जू. दोन्ही बाजूंना पांढरं दिसतंय ते पाणी. आता इथं बघा. पाणी संपलंय आणि दोरी चपटी झालीय."

आजाराचे नाव 'सर्व्हायकल मायलोपॅथी'. मानेच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजून मागे सरकतात आणि मेंदूकडून हातापायांकडे जाणाऱ्या मज्जारज्जूला दाबतात. माझ्या दोन गाद्या सरकल्या होत्या. मान मात्र एक दिवसही दुखली नव्हती. दुखत नाही म्हणूनच हा आजार लवकर कळत नाही, आणि म्हणूनच मी हे लिहितो आहे.

"कधीपासून होतंय?" मॅडमनी विचारले. मी तोंड उघडायच्या आत माझी पत्नी वंदना हिने पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली.

"एकतीस आठवड्यांचं सगळं लिहिलंय यात. पण मॅडम, हसू नका."

ती वही व्हिडिओ गेमच्या स्कोअरची होती.

माझे वय बावन्न. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. भाग ठरलेल्या मापाचा आहे की नाही, हे मायक्रोमीटरने पाहायचे, हे माझे काम. कॉलेजात असताना औरंगपुऱ्यातल्या एका पार्लरमध्ये नाणे टाकून मी विमानाचा गेम खेळायचो. आपले विमान खाली, वरून शत्रूची विमाने आणि गोळ्यांचा पाऊस. पाच टप्पे. मी चौथ्याच्या पुढे कधी गेलो नाही. तोच गेम काही वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायच्या घरच्या कन्सोलवर आला. अशा घरगुती आवृत्तीला 'पोर्ट' म्हणतात. तेव्हापासून दर रविवारी सकाळी चहा झाला की पाच डाव, आणि पाचांची सरासरी वहीत, हा माझा नेम.

सरासरी चार लाख बारा हजार होती. एके रविवारी ती तीन लाख नव्वदवर आली. पुढच्या रविवारी आणखी थोडी खाली.

त्याच सुमारास घरात नवा टीव्ही आला होता, म्हणून मी टीव्हीवर संशय घेतला. बटण दाबल्यावर पडद्यावर गोळी उशिरा सुटते का, हे पाहायला मोबाइलवर संथ गतीचे चित्रीकरण केले. सेकंदाच्या एक दशांश इतका उशीर सापडला. मला विजय झाल्यासारखे वाटले. टीव्हीचे सेटिंग बदलून तो उशीर जवळजवळ घालवला. सरासरी तरीही घसरली.

मग कंट्रोलर बदलला. मग पोर्टवर संशय घेतला. पार्लरच्या जुन्या यंत्रात पडदा गोळ्यांनी भरला की सगळे किंचित संथ व्हायचे, आणि माझ्या हाताला त्या संथपणाची सवय होती. पोर्टमध्ये मध्यंतरी एक सुधारणा, म्हणजे अपडेट, उतरवून घेतली होती, तिने तो संथपणा काढला असणार, असे मी पक्के ठरवून टाकले. त्यावर चार पाने टिपणेही लिहिली.

दरम्यान शर्टाची गुंडी लावायला मला तीन-तीनदा प्रयत्न करावे लागत होते. वेरूळला पाहुण्यांना घेऊन गेलो तेव्हा पायऱ्यांवर चप्पल दोनदा पायातून निसटली आणि मला ते कळलेही नाही. वंदनाने ती उचलून आणली. हे मात्र मी वहीत लिहिले नाही. ते मला मोजण्यासारखे वाटलेच नाही.

सव्विसाव्या आठवड्यापासून घसरण भराभर सुरू झाली. एकतिसाव्या रविवारी सरासरी आली एक लाख अडतीस हजार. मी पोर्ट बनवणाऱ्यांच्या नावाने बोटे मोडत होतो. वंदना शेजारी खुर्चीत बसून पालक निवडत होती.

"द्या इकडं," ती म्हणाली.

"तुला काय येतंय त्यातलं?"

"द्या तर."

ती लासूर स्टेशनची. पार्लरचे तोंड तिने कधी पाहिले नाही. पहिला डाव तिने अर्ध्या मिनिटात घालवला. तिसऱ्या डावाला तिने एक लाख एकाहत्तर हजार केले. टीव्ही तोच, कंट्रोलर तोच, पोर्ट तोच.

कारखान्यात मोजमाप विचित्र आले तर आम्ही एक ठरलेली गोष्ट करतो. तोच भाग, तेच उपकरण दुसऱ्या माणसाच्या हाती द्यायचे. त्याचे माप बरोबर आले तर दोष उपकरणात नाही, मोजणाऱ्यात आहे. मी हे नव्या मुलांना दरवर्षी शिकवतो. घरी एकतीस आठवड्यांत मला ते एकदाही सुचले नाही.

"अहो, गेमला काय झालं नाही," वंदना हळू आवाजात म्हणाली. "तुमच्या हाताला झालंय. मी लई दिवस बघतेय."

दुसऱ्याच दिवशी ती मला घेऊन जालना रोडवरच्या रुग्णालयात गेली.

मॅडमनी माझे मधले बोट धरून त्याचे नख टिचकावले, तर माझा अंगठा आपोआप आत वळला. हे रज्जूवर दाब असल्याचे लक्षण. मग 'ग्रिप अँड रिलीज' चाचणी. दहा सेकंदांत मूठ जितक्या वेळा मिटता-उघडता येईल तितक्या वेळा. निरोगी माणूस वीस किंवा जास्त करतो. मी उजव्या हाताने अकरा केल्या, डाव्याने नऊ. तो आकडा ऐकून मला कारखाना आठवला. मायक्रोमीटर बोटांनी फिरवायचे असते.

एमआरआयनंतर वंदनाने पुढे ठेवलेली वही मात्र मॅडमनी हसण्यावारी नेली नाही. पाने पुन्हा उलटून पाहिली.

"पेशंट म्हणतात, झाले असतील दोन-चार महिने. तुम्ही आलेख आणलात. नुसतं चित्र पाहून मी म्हणाले असते, थोडे दिवस लक्ष ठेवू. पण शेवटचे सहा आठवडे बघा. हे वाट पाहण्यासारखं नाही."

शस्त्रक्रियेचे नाव 'एसीडीएफ'. गळ्याच्या पुढच्या बाजूने छेद देऊन खराब गाद्या काढतात, त्यांच्या जागी आधार बसवतात आणि मणके एकमेकांना जोडतात. मी एकच प्रश्न विचारला. हात परत येतील का?

"घसरण थांबवायला ऑपरेशन आहे. गेलेलं किती परत मिळेल, ते मी सांगू शकत नाही. कुणी छातीठोक सांगितलं तर विश्वास ठेवू नका."

मला हे उत्तर आवडले नाही, पण त्या उत्तराने मॅडमवर विश्वास बसला.

शस्त्रक्रिया अडीच तास चालली. शुद्धीवर आलो तेव्हा गळ्याला पट्टा होता, आवाज बसला होता, आणि पाणी गिळतानाही घसा दुखत होता. मी आधी पायाची बोटे हलवली. दहाही हलली. चौथ्या दिवशी घरी आलो.

फिजिओथेरपिस्ट जावेद घरी यायचे. तिशीचे, तोंडाने फटकळ. पहिल्याच दिवशी त्यांनी वाटाणे एका वाटीतून दुसरीत टाकायला लावले. माझे निम्मे जमिनीवर. "टेन्शन कायकू लेते काका? वाटाणे पळून नाही जात. पळायला तुमच्याच बोटांना शिकवायचंय." गेमचे त्यांना सांगितले तेव्हा ते खूश झाले. मॅडमना विचारून त्यांनी सहाव्या आठवड्यात परवानगी दिली. अटी तीन. टीव्ही डोळ्यांच्या रेषेत, पाठीला टेका, आणि पंधरा मिनिटांवर एक मिनिट नाही.

पहिली सरासरी, शहाण्णव हजार.

नवव्या आठवड्यापर्यंत एक लाख चाळीस. मग आकडा तिथेच रुतून बसला. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. तेराव्या रविवारी मी वही मिटली आणि वंदनाला म्हणालो, "एवढंच परत मिळणार होतं. मिळालं." पुढचे चार रविवार मी खेळलो, पण आकडा लिहिला नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला मोजायची भीती वाटली.

सतराव्या आठवड्यात जावेदनी मुठींची चाचणी घेतली. उजवा अठरा, डावा सतरा. मला खरे वाटेना. तेव्हा वंदनाने वही उघडून पुढे केली. ते चार रविवार तिने स्वतःच लिहून ठेवले होते. एक लाख बावन्न, एक लाख सत्तर, दोन लाख आठ, दोन लाख एकेचाळीस.

"चढताय तुम्ही," ती म्हणाली. "बघायचंच सोडलं होतं, म्हणून दिसंना."

सहा महिन्यांनी तपासणी झाली. उजवा बावीस, डावा वीस. मॅडमनी आकडे दोनदा लिहिले, एकदा त्यांच्या कागदावर आणि एकदा माझ्या वहीत, खाली सहीसकट. मी कामावर रुजू झालो. डाव्या करंगळीला अजून थोडी बधिरता आहे. ती राहील असे मॅडम म्हणतात. राहू दे.

ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांच्यासाठी थोडे. गुंड्या लागत नाहीत, हातातून वस्तू पडतात, चप्पल निसटते, आणि दुखत काहीच नाही, तर वयाला किंवा वस्तूला दोष देऊ नका. दहा सेकंद घड्याळ लावा आणि मुठी मोजा. वीसच्या बऱ्याच खाली असाल तर डॉक्टरकडे जा. माझे एकतीस आठवडे गेले. तुमचे एकतीस दिवसही जाऊ नयेत. मॅडमचे, जावेदचे आणि रुग्णालयातल्या परिचारिकांचे ऋण मी मानतो. वंदनाचे आभार मानलेले तिला चालत नाहीत.

गेल्या रविवारी, तिसऱ्या डावात, मी पाचव्या टप्प्यात शिरलो. पोर्टमध्ये बटण दाबून हवी तितकी नाणी फुकट मिळतात, म्हणजे हरलेला डाव तिथूनच पुढे चालू ठेवता येतो. मी ते बटण कधी दाबत नाही. एकच नाणे, शेवटचे विमान, समोर पडदाभर पसरलेले शत्रूचे जहाज.

"अहो, डावीकडं! डावीकडं या!" वंदना खुर्चीतून उठून ओरडत होती. डावा अंगठा मनात आले तिकडे, मनात आले तेव्हा वळत होता. जहाज फुटले. पडदा पांढरा झाला. सात लाख शहाऐंशी हजार चारशे. औरंगपुऱ्यातल्या विशीतल्या मुलाला जे जमले नव्हते, ते बावन्न वर्षांच्या दुरुस्त मानेने केले होते.

वंदनाने ताबडतोब लासूरला भावाला फोन लावला. "अरे, दाजी जिंकले!"

"जिंकले? बाजार समितीला उभे राहिले होते का काय? आम्हाला सांगायचं तरी!"

मी फोन घेतला. "नाही रे. पण निवडून आलो."

"मग पेढे?"

"घेऊन ये," मी म्हणालो. "डबा मी उघडतो."