आगीत जायचा सूट

परदेशी चित्रकथेतल्या त्या चिलखती वीराचा कुठला सूट तुला आवडतो, असं कुणी मष्णूला विचारलं असतं तर गडी खुलला असता. पण विचारतंय कोण? बेळगावजवळच्या त्याच्या कंग्राळी गावात सगळ्यांना एकच सूट माहीत, लाल, उडायचा. खोल समुद्रात उतरायला त्याच्याकडं गोल काचेच्या डोक्याचा सूट आहे, बर्फात चालायला रुंद पायांचा आहे, विषारी धुरात शिरायला वेगळाच आहे, हे सांगायला गेलं की लोक जांभया देत. मष्णूचा लाडका होता आगीत जायचा सूट. राखाडी, जाडजूड, बेढब. त्याला उडता येत नाही, त्यात एकही शस्त्र नाही. जळत्या घरात शिरायचं आणि माणूस बाहेर आणायचा, एवढंच त्याचं काम. उद्यमबागच्या फौंड्रीत रोज लोखंडाच्या भट्टीपुढं उभं राहणाऱ्या मष्णूला असल्या सूटची किंमत कळणार नाही तर कुणाला?

डिसेंबर आला की बेळगावात ओल्ड मॅन उभे राहतात. सरत्या वर्षाचा म्हातारा, माणसाएवढा पुतळा, करायचा आणि एकतीस तारखेला मध्यरात्री जाळायचा. मष्णूच्या हातात कला, म्हणून शहरातल्या कॅम्प भागातली पोरं त्याच्याकडं ऑर्डर देत. बांबू, पुठ्ठा, पेंढा घालून तो उभा करायचा. म्हातारा त्या वीराच्या सुटातला हवा, आणि मागणी दरसाल ठरलेली, "अण्णा, लालच करा." आणि केलेलं सगळं राख. कुंभाराचं मडकं निदान फुटेपर्यंत तरी टिकतं, मष्णूच्या हातचं नव्या वर्षाची सकाळही बघत नव्हतं. याचा त्याला वीट आला होता.

म्हणून यंदा पोरांच्या लाल म्हाताऱ्याबरोबर त्यानं एक सूट स्वतःसाठी केला. फोमच्या शीटा कापून, गरम करून, वाकवून, अंगाच्या मापाचा, घालून चालता येईल असा. जानेवारीत बेंगळुरूला चित्रकथावेड्यांचा मेळा होता. तिथं लोक असलेच सूट घालून येतात. तिथं तरी कुणी बघताक्षणी म्हणेल, अरे, हा तर आगीतला! रेल्वेचं तिकीटही काढून झालं होतं.

एकतीस तारखेला दुपारपाळी अर्ध्यावर सोडून तो घरी आला. गोठ्यात लाल म्हातारा होता तिथंच होता. राखाडी सूट गायब.

"आई! हितला सूट कुठं गेला?"

"पोरं आलती की, घिऊन गेली," नागुबाई शेणाचे हात धूत म्हणाली. "लाल नगं म्हटली. लाल सगळ्यांकडंच हाय, ह्यो राखाडी झ्याक हाय म्हटली. म्हटलं न्ह्या, दोनी म्हातारंच."

"त्यो म्हातारा न्हवता गं!"

"मग कोण हुता? डिसेंबरात माणसागत दिसणारं आनी काय करत्यात? आनी तू त्यात पेंढाच भरला न्हवतास. पोकळ म्हातारा जळंल कसा रं? मीच भरून दिला, गच्च."

मष्णूनं कपाळावर हात मारून घेतला. दहा वर्षांत पहिल्यांदा कुणाला तरी राखाडी सूट आवडला होता, आणि तोही जाळायला!

त्यानं गाडी दामटली. कॅम्पात दिवेलागण होत होती. चौकात सूट उभा, डोक्यावर टोपी, गळ्यात झेंडूची माळ. पोरांचा म्होरक्या समर्थ धावत आला. "अण्णा, यंदा तुम्ही कमाल केलीत! समदा कॅम्प बघायला येतोय."

"चुकून आलाय. लाल न्ह्या, ह्यो माझा हाय," मष्णू म्हणाला, आणि समर्थ काही बोलायच्या आत माळ काढून पाठीची चेन उघडून पेंढा उपसायला लागला. पोरं तोंडं पाडून बघत राहिली.

पेंढ्याबरोबर पोटातून एक गाठोडं हाताला लागलं. फडकं ओळखीचं होतं. त्याचाच शर्ट, उजवी बाही जळलेली. मार्चमध्ये भट्टीतल्या वितळल्या लोखंडाचा रस उडाला, हात भाजला, तेव्हाचा. तो शर्ट फेकून दिलाय असं त्याला वाटत होतं. गाठ सोडली तर आत मीठ, मोहरी, सुक्या मिरच्या. पहाटे तो झोपेत असताना आईनं त्याच्यावरून ओवाळल्या असणार, आणि त्याची वर्षाची पीडा या म्हाताऱ्याच्या पोटात घालून दिली होती.

मष्णूचा दृष्टीबिष्टीवर काडीचा विश्वास नव्हता. गाठोडं शेजारच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यात कोंबावं आणि सूट घेऊन सुटावं, हेही मनात येऊन गेलं. पण घरी दार आईच उघडणार होती. हातात सूट बघून, पीडा परत घरात आली, असं तिला वाटलं असतं. पुढं तो भट्टीवर गेला की रोज ती दारात जीव मुठीत धरून बसली असती. रागानं त्याचे कान तापले. रागवायला समोर कुणी नव्हतं, हाच वैताग.

त्यानं शर्टाची गाठ पुन्हा बांधली, पोटात ठेवली, वर पेंढा दाबला आणि चेन लावली.

"पेटवा बाराला," तो समर्थला म्हणाला. "जरा लांब थांबा. फोम हाय, भडकन पेटंल."

"तुम्ही थांबा की अण्णा."

"न्हाय."

घरी नागुबाईनं ताट वाढलं. मष्णूनं भाकरी मोडली, पण खाल्ली नाही.

"दिलास न्हवं त्यास्नी?"

"दिला."

"माझ्यावर रागावलास व्हय रं?"

"लई," मष्णू म्हणाला, आणि भाजलेल्या हातानं तिनं वाढलेलं जेवायला लागला.