परड्यातला स्पीकर

९ नोव्हेंबर. सकाळ. एका हातात शेणाची पाटी, दुसरा हात मागच्या दाराजवळच्या बटणावर. बाहेरच्या स्पीकरचा आवाज जुळवायचं हे काम दिलीप गेल्यापासून माझ्याकडं आलंय आणि ते मला जमत नाही.

दिलीप म्हणजे माझा नवरा. दसरा झाल्यावर, उद्यमनगरातल्या कारखान्यात, लेथसमोर उभा असतानाच खाली बसला. त्याच्या भागीदाराचा फोन आला, “वहिनी, जसं हायसा तसं या.” मी पोचले तेव्हा सगळे रस्ता सोडून बाजूला झाले... तेव्हाच कळलं.

सकाळी कारखान्यात जायच्या आधी तो मागच्या परड्यात दोन म्हशींचं करायचा. सासूबाई, आम्ही त्यांना आत्ती म्हणतो, पुढच्या खोलीत पलंगावर. नजर गेलेली, कानही थोडे जड. त्यांच्यासाठी दिलीपनं अॅम्प्लिफायर आणला, दोन स्पीकर आत बसवले आणि एक वायर भिंतीतून ओढून तिसरा स्वतःसाठी परड्यात पत्र्याखाली टांगला. रेडिओ एकच, पण बाहेरच्या आवाजाला वेगळं बटण. भजनं लागली की आत आत्तींना ऐकू येतील एवढी आणि बाहेर नुसती कुजबुज. तरीही शेजारचे काका कुंपणावरून ओरडायचे, “काय ओ दिलीपराव, म्हशीला भजन शिकवतायसा काय?” हा म्हणायचा, “ती शिकली की तुमाला शिकीवतो, थांबा.”

मी एकदा विचारलं होतं, “एवढ्या बारीक आवाजात तुम्हाला काय डोंबल ऐकू येतं?”

“पायजे ते येतंय की,” म्हणाला, आणि धार काढत राहिला. मला वाटलं, नेहमीसारखं उडवून लावलं.

तो गेल्यावर घर इतकं गप्प झालं की मी बाहेरचं बटण पार पुढं फिरवलं. परड्यात कुणीतरी आहे असं आत्तींना वाटावं, एवढाच हिशेब. आत्तींनी मात्र तेराव्यानंतर अन्न सोडलं. पेज दिली तर ओठ मिटून घेत. मी समजावलं, रागावले, शेवटी हातापाया पडले. डॉक्टर म्हणाले, अजून चार दिवस असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि या वयात तिथून परत येतीलच असं मी सांगत नाही. एकाच घरातून लागोपाठ दोन माणसं... मी रोज बटणं फिरवत होते. आतलं वाढव, बाहेरचं वाढव. दुसरं काही हातात नव्हतं. आत्ती म्हणायच्या, “आवाज बरूबर न्हाय.” बरोबर म्हणजे कसा, ते सांगत नव्हत्या.

नऊ तारखेच्या त्या सकाळी मी पाटी टाकून धारेला बसले आणि वीज गेली. आतलं, बाहेरचं सगळं एकदम बंद. म्हशीनं कान टवकारले आणि मान दाराकडं वळवली. तिच्या मागोमाग मलाही ऐकू आलं.

“दिलप्या... ए दिलप्या...”

बारीक, पण सवयीची हाक. रोज भजनं चालू असताना त्या अशी हाक मारत असणार आणि तो इथून ओ देत असणार. मी स्वयंपाकघरात, कुकर आणि मिक्सरच्या आवाजात. मला कधी कळलंच नाही.

मी धावत आत गेले. म्हटलं, “आत्ती, कुणाला हाक मारताय? ते आता...”

“ठावं हाय मला!” त्या खेकसल्या. “माझ्याच पोटचा हुता त्यो. म्हनून हाक बी मारायची न्हाय व्हय? आन् एवढं माणूस हाय परड्यात, एकदा ओ द्यायला काय हुतंय गं तुला? रोज वरडतोय मी!”

मी पेज पुढं केली. त्यांनी तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी म्हशीला चारा टाकला, आतला आवाज पहिल्याइतका केला आणि बाहेरचं बटण मागं फिरवायला लागले. थोडं फिरवायचं, थांबायचं, ऐकायचं. आत्तींनी पलंगाशेजारी पाण्याचा तांब्या ठेवला तो आवाज परड्यात आला, तिथं बटण सोडलं. भजन आता नावापुरतंच राहिलं होतं. धारेला बसले.

“दिलप्या...”

“ओ, आत्ती!” मी ओरडले. काका कुंपणापाशी आले, माझ्याकडं बघितलं आणि परत गेले.

मग पुन्हा हाक आली. मी पुन्हा ओ दिली.