उघडे कंस

जन्म-मृत्यू नोंदणीच्या त्या कचेरीत तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणायचे. ती काही डॉक्टर नव्हती. सगळ्या नोंदी ज्यात साठवलेल्या होत्या तो तळघरातला सर्व्हर ती सांभाळायची. एकोणीस वर्षांत पंख्यांच्या आवाजावरून तिला त्याचं दुखणंखुपणं कळायला लागलं होतं. माझा खोकला मात्र हिला कधी ऐकू येत नाही, असं नवरा चारचौघांत सांगायचा.

एका सोमवारी दुपारी बारा वीसला पंख्यांचा आवाज एकदम चढला आणि सर्व्हर बसला. वरच्या सगळ्या खिडक्यांवर काम ठप्प झालं. तिनं तो पुन्हा उभा केला. मंगळवारी तेच, बुधवारी तेच, आणि बरोबर बारा वीसला.

पडण्याआधी सर्व्हरला शेवटचं काय विचारलं गेलं, ते तिनं काढून पाहिलं. तिन्ही दिवशी नावाच्या रकान्यात नुसते उघडे कंस होते. हजारो कंस, आणि त्यांत ना एक अक्षर, ना एक बंद कंस. थंडगार तळघरात एकटीनं ती पानं सरकवताना तिच्या अंगावर काटा आला.

साहेबांना यात कुणाचा तरी डाव दिसला. सॉफ्टवेअरच्या कंपनीनं दोष कबूल केला: प्रत्येक उघड्या कंसाला सर्व्हर एक पायरी खाली उतरतो, कंस मिटेचनात, तर उतरता उतरता त्याची जागा संपते आणि तो कोसळतो. कुणीही ठरवलं तर कचेरी बंद पाडू शकेल. दुरुस्ती सोमवारी मिळणार होती.

पण हे कंस बाहेरून येत नव्हते. ते दालनातल्या, लोकांसाठी ठेवलेल्या संगणकावरून येत होते. गुरुवारी ती तिथे खांबाआड उभी राहिली.

पासष्टीची एक बाई आली. घडी घातलेला कागद तिनं उलगडून शेजारी ठेवला, कीबोर्डवरच्या एका बटणावर बोट टेकवलं आणि ते उचललंच नाही. पडदा भरत गेला. घड्याळाकडे बघून तिनं शोधायचं बटण दाबलं, आणि सगळ्या खिडक्यांवरचं काम थांबलं. बाई शांतपणे कागदाची घडी घालू लागली.

"मावशी, काय शोधताय?"

"मुलगा." तिनं कागद पुढे केला. प्रसूतिगृहाचा होता. जन्मवेळ बारा वीस. 'मुलाचं नाव' या शब्दांपुढे एक कंस उघडला होता, आणि तिथेच कागद फाटला होता. "नाव ठेवायच्या आधीच गेला म्हणाले. मला दाखवलासुद्धा नाही. कागदावर आहे तेवढं टाकते, आणि पुढे काय उमटतं त्याची वाट बघते."

डॉक्टरीणबाई रागवायला आली होती; ते राहूनच गेलं. ती मावशीला जुन्या वह्यांच्या खोलीत घेऊन गेली. बेचाळीस वर्षांपूर्वीच्या वहीत जन्माची नोंद सापडली. नावाच्या जागी कंस होते आणि आत काहीच नव्हतं. मग तिनं मृत्यूची वही घेतली. तो दिवस पाहिला, आठवडा पाहिला, अख्खं वर्ष पाहिलं. तेव्हाचा कारकून लिहायला विसरला असेल, असं तिच्या मनात आलं, पण ते तिला बोलून दाखववेना.

"काय लिहिलंय त्यात?" मावशीनं विचारलं.

"मृत्यूची नोंद नाही."

मावशीनं जन्माच्या वहीतल्या रिकाम्या कंसांवर बोट टेकवलं. "म्हणजे तुमच्या लेखी तो आहे."

जन्माच्या नोंदीची नक्कल देताना शेऱ्यात 'मयत' लिहून टाका, म्हणजे पुन्हा कटकट नको, असं खिडकीवरच्या कारकुनानं सुचवलं. डॉक्टरीणबाईनं साफ नकार दिला. जे वहीत नाही ते लिहायचं नाही.

सोमवारी दुरुस्ती बसवली, आणि त्यानंतर सर्व्हर कधी पडला नाही. मावशीही पुन्हा कचेरीत आली नाही. पण दुपारी दालनाच्या खिडकीतून डॉक्टरीणबाईला ती दिसायची. समोरच्या पदपथावर उभी राहून, येणाऱ्या-जाणाऱ्यांतल्या चाळिशी उलटलेल्या प्रत्येक पुरुषाचा चेहरा ती नीट न्याहाळत असायची.