म्हसूचा अंगठा

भूतबाधा, करणी असला विषय निघाला की मी उठून जाणारा माणूस. पंचवीस वर्षं कंपनीत मेंटेनन्सला काढली. म्हणून हे लिहायला हात धजत नव्हता... पण लिहितो.

आम्ही मूळचे चितेगावचे, धनगर. मी आता संभाजीनगरला राहतो. मागच्या वर्षी मुलीच्या अॅडमिशनसाठी जात पडताळणी करायची होती. त्यासाठी जुना पुरावा आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. आमच्या राणू नावाच्या पूर्वजाला दोन मुलं – खंडू माझे पणजोबा, तर म्हसू माझ्या चुलतभावाचे, ज्ञानोबाचे. ज्ञानोबाच्या मुलीलाही तेच सर्टिफिकेट हवं होतं.

"दादा, आमचं बी नाव लावलं ना? मला तिथलं काय कळत नाय." ज्ञानोबानं विचारलं.

"लावलं," मी म्हणालो.

लावलं नव्हतं. राणूला एकच मुलगा, असं मी शपथेवर लिहून दिलं. कारण आईच्या दहाव्याला ज्ञानोबा चारचौघांत बोलला होता – "म्हातारी आमच्या दारात भाकर खायची, अन् ह्यो शहरात फॅनखाली." ते खरं होतं. म्हणूनच डाचत होतं.

मग तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये निजामकाळातले जुने उर्दू कागद वाचायला एका निवृत्त मास्तरांना घेऊन गेलो. भर दुपार, आजूबाजूला माणसं. एकच कागद सापडला – विहिरीच्या भांडणातला एका साक्षीदाराचा जबाब. मास्तर वाचू लागले, "म्हसू वल्द राणू, म्हणजे राणूचा मुलगा. कौम, म्हणजे जात, धनगर. साकिन, राहणार, चितेगाव. मी मेंढ्यांना पाणी पाजत होतो. जे पाहिलं तेवढंच सांगतो."

घराण्याचा एकमेव पुरावा, आणि तो नेमका मी खोडलेल्या माणसाचा!

"ये म्हसू कौन लगता तुमारा?"

"कोणी नाही."

मास्तर हसले. "वा मियाँ! राणू तुमारा, गाँव तुमारा, और आदमी पराया?"

तरी असावा म्हणून मी मोबाईलवर एक फोटो काढला, आणि दुसरा नीट यावा म्हणून डाव्या अंगठ्यानं कागद दाबून धरला. अंगठ्याखाली नेमका म्हसूचा ठसा आला. ओलं लागलं... हात उचलला तर अंगठा काळाकुट्ट. मास्तरांचं हसू गेलं. त्यांनी त्याच ठशावर बोट ठेवलं – कोरडं.

"उठो यहाँ से," एवढंच म्हणाले.

साबण, रॉकेल, थिनर... काही चाललं नाही. सकाळी मात्र शाई आपोआप गेलेली. हायसं वाटलं. पण कंपनीच्या गेटवर मशीन माझा अंगठा घेईना. आधार केंद्रावर गेलो. तिथल्या बाईंनी तीनदा पुसून ठेवायला लावला.

"काका, बाकी बोटं जुळतायत. हा अंगठा तुमचा नाही दाखवत."

निरखून पाहिलं. अंगठ्यावर आडवा, जुना, भरून आलेला काप होता. मला तिथं कधीच कापलेलं नाही. मोबाईलमधला फोटो मोठा केला... म्हसूच्या ठशावर तोच काप, त्याच जागी.

तसाच चितेगावला गेलो आणि ज्ञानोबाला सगळं सांगितलं. त्याची बायको चहा घेऊन येत होती, ती दारातूनच परत फिरली. ज्ञानोबानं माझा अंगठा धरून उजेडात पाहिला. मग म्हणाला, "पोरीचं नाव कधी लावतू, तेवढं सांग."

दुसऱ्याच दिवशी नवं प्रतिज्ञापत्र केलं. म्हसूच्या जबाबावर दोन्ही मुलींचं काम झालं. ज्ञानोबा तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही.

डॉक्टर म्हणतात, केमिकलनं बोटाच्या रेषा झिजतात. झिजत असतील. पण दुसऱ्याच्या उमटतात का? रोज सकाळी आंघोळ करताना तो अंगठा माझ्या अंगाला लागतो, आणि मी शहारतो.