पोळ्यात ट्रॅक्टर ढकलायचा नाही

आमच्या घरी बैल नाहीत, तरी पोळा आहे. बैलांची शिंगं रंगवायची सगळी हौस बाबा आमच्या म्हाताऱ्या ट्रॅक्टरवर भागवतात. यंदा तर त्यांनी बॅटरी भरणारा डायनामोसुद्धा खोलून रंगवला. आणि नेमका तेव्हापासून ट्रॅक्टर ढकलल्याशिवाय सुरूच होईना.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बाबांनी जाहीर करून टाकलं, "उद्या तोरणाखाली ढकला लागला, तं नेरच्या गिऱ्हाइकाले इकून टाकतो. गावासमोर हसं नाही करून घ्यायचं मले." गावाच्या तोरणाखाली बैलांसोबत आमचा ट्रॅक्टरही पूजेला उभा राहतो, आणि तिथं इंजिन बंद करावंच लागतं, नाहीतर बैल बुजतात. मी पाना घेऊन ट्रॅक्टरपाशी बसले. याच ट्रॅक्टरवर मी चालवायला शिकले होते.

बॅटरी तर नवीकोरी. डायनामोचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट. बॅटरीकडे करंट सोडणारा कटआउटही बदलून झाला होता. इंजिन चालू, डायनामो गरगर फिरतोय, आणि चार्जिंगच्या मीटरचा काटा मात्र ढिम्म मायनसवर. म्हणजे बॅटरी नुसती रिकामी होत होती, भरत नव्हती. असा राग आला की पाना भिरकावूनच द्यावा!

नाही भिरकावला. डायनामोकडे बघत बसले. काय देखणा दिसत होता, लालभडक, तो जिच्यावर बसतो त्या खालच्या पट्टीसकट, बोल्टांसकट! आणि एकदम डोक्यात उजेड पडला. याच्या अर्थिंगला, म्हणजे करंटच्या परतीच्या वाटेला, वेगळी वायर नाहीच. लोखंडाला लोखंड टेकतं, तीच अर्थिंग. आणि मधे बाबांनी मायेनं दोन हात रंग मारून ती वाटच अडवलेली! सोललेल्या वायरचं एक टोक डायनामोचा रंग जरासा खरडून लोखंडाला लावलं, दुसरं बॅटरीच्या मायनसला. काटा टुणकन प्लसकडे!

"बाबा! सापडलं! लवकर या!" मी अशी ओरडले की आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

मी त्यांना आड येणारा रंग दाखवला. "मंग अख्खा रंग खरडा लागते का?" बाबा पार हिरमुसले.

"जिथं टेकते तिथलाच, बाबा. बाहेरून राहू द्या."

त्यांनी माझ्या हातातला पॉलिशपेपर घेतला आणि स्वतःच घासत बसले.

दुसऱ्या दिवशी पूजा झाली, बैल पुढे गेले. नेरचं गिऱ्हाईक गर्दीत उभंच होतं. बाबा खाली उतरले आणि मला म्हणाले, "तू बस." मी सीटवर चढले. चावी फिरवली, आणि ट्रॅक्टर एका झटक्यात सुरू! मी आनंदानं ओरडलेच. बाबांनी सरळ जाऊन गिऱ्हाइकाचा हात धरला.

"जेवाले चाला घरी," ते म्हणाले, "पण ट्रॅक्टरची गोष्ट काढू नका."